अ‍ॅम्प तोच, स्पीकर तेच, जोडणी नवी : सांगली-मिरज रस्त्यावरील एका कार ऑडिओ दुकानाचे परीक्षण

गाडीसोबत आलेला मूळ स्टीरिओ न काढता त्याला आवाजाची शक्ती वाढवणारा बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून देणारी दुकाने सांगली आणि मिरजेत पुष्कळ आहेत. हे काम मोजमाप घेऊन करणारे दुकान मात्र शोधावे लागते. विश्रामबाग मागे टाकून मिरजेकडे जाताना लागणाऱ्या एका लहान दुकानात मी माझ्या हॅचबॅक गाडीची संपूर्ण जोडणी नव्याने करून घेतली. काही महिने गाडी रोज वापरल्यानंतर, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावर, हे परीक्षण लिहीत आहे. माझ्या बाबतीत तुलना करणे सोपे आहे, कारण अ‍ॅम्प, दारांतले स्पीकर आणि डिकीतला दहा इंची वूफर (खालच्या पट्टीचा स्पीकर) या तिन्ही वस्तू आधीच्याच आहेत. त्या वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका दुकानातून बसवून घेतल्या होत्या. या वेळी बदलली ती केवळ वायरिंग, सेटिंग आणि अ‍ॅम्पची जागा, शिवाय समोरच्या दारांत कंपन शोषणारी शीट लागली, त्यामुळे आवाजात जो फरक पडला तो पूर्णपणे या दुकानाच्या कामाचा आहे.

आधीच्या कामातील तक्रारी अशा होत्या : इंजिनाचा वेग वाढला की त्याच्याबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून ऐकू येई, आवाज मध्यम पातळीच्या वर नेला की गाणे फाटत असे, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी स्टार्टर फिरवू शकत नसे. असे झाले की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : कंपनीचा स्टीरिओ काढा आणि बाजारातला अँड्रॉइड स्टीरिओ बसवा. हा सल्ला मला मान्य नव्हता. आजकालच्या गाड्यांत रिव्हर्स कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणे, पार्किंग सेन्सरचा इशारा अशा अनेक गोष्टी त्या स्टीरिओशी जोडलेल्या असतात. तो काढला की प्रत्येकासाठी वेगळा जोड शोधावा लागतो, आणि विद्युत भागांच्या वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. या दुकानाच्या मालकांनी गाडी तपासल्यावर पहिलेच वाक्य असे उच्चारले : “साहेब, तुमच्या वस्तू चांगल्या आहेत, नवीन काही घेऊ नका. आधी वायर बघू.” विक्रीवर चालणाऱ्या धंद्यात असे बोलणारा माणूस भेटतो, याची नोंद मला सर्वांत आधी करावीशी वाटते.

मूळ स्टीरिओला अ‍ॅम्प का लागतो, हे त्यांनी कागदावर गणित मांडून दाखवले. स्टीरिओच्या माहितीपुस्तकात ४ × ५० वॅट असे आकडे असतात, पण ते क्षणिक कमाल शक्तीचे असतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणाऱ्या आणि आत व्होल्टेज वाढवणारे परिपथ नसलेल्या स्टीरिओला चार ओहमच्या स्पीकरवर सुमारे ९ व्होल्टच स्वच्छपणे देता येतात. ९ चा वर्ग ८१, त्याला ४ ने भागले की उत्तर साधारण २० वॅट येते. त्यापुढे बटण फिरवले तर आवाज वाढण्याऐवजी ध्वनिलहरीचे शेंडे सपाट होऊ लागतात आणि ट्वीटर (उंच पट्टीचा लहान स्पीकर) जळण्याचा धोका वाढतो. म्हणजे गाणे फाटत असेल तर दोष नेहमीच स्पीकरचा नसतो; पुष्कळदा तो फाटलेल्या संकेताचा असतो, आणि अ‍ॅम्प त्या फाटलेल्या संकेतालाच मोठे करून देतो.

यापुढचा भाग या दुकानाच्या कामाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. मूळ स्टीरिओच्या मागे आरसीएचे, म्हणजे क्षीण संकेत बाहेर देणारे, आउटपुट नसते, फक्त स्पीकरच्या वायरी असतात. आधीच्या दुकानाने त्या वायरी चावणाऱ्या क्लिपांनी टोचून संकेत स्पीकरचा जोरकस संकेत क्षीण करणाऱ्या एका स्वस्त हाय-टू-लो कन्व्हर्टरला दिला होता आणि तिथून आरसीए केबल सीटखालच्या अ‍ॅम्पपर्यंत नेली होती. अशा स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सुपारीएवढे ट्रान्सफॉर्मर असतात. खालच्या पट्टीतला जोरकस आवाज आला की त्यांचा गाभा संपृक्त होतो आणि बास एकीकडे दबतो, दुसरीकडे फाटतो. गंमत अशी की माझ्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या वायरी थेट स्वीकारणारे हाय-लेव्हल इनपुट पहिल्या दिवसापासून होते, त्यामुळे कन्व्हर्टरची मुळात गरजच नव्हती. मालकांनी तो काढून माझ्या हातात दिला, आणि त्याच्या जागी दुसरे काहीही विकले नाही.

टोचलेल्या वायरींबद्दल त्यांचे मत ठाम आहे. स्टीरिओच्या मागच्या कपलरमध्ये बसणारा टी आकाराचा तयार हार्नेस (वायरींचा जोड) त्यांनी मागवला, त्यामुळे कंपनीची एकही वायर कापावी लागली नाही आणि उद्या गाडी विकताना हार्नेस काढून सर्व मूळ स्थितीत आणता येईल. जुन्या क्लिपांमुळे आवरण फाटलेल्या दोन वायरी त्यांनी सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक नळी चढवली. आणखी एक गोष्ट ते प्रत्येक गाडीत आवर्जून तपासतात. आजच्या स्टीरिओत स्पीकरची ऋण वायर ही गाडीच्या बॉडीची अर्थिंग नसते. धन आणि ऋण या दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट, उभे असतात आणि संकेत त्या दोहोंतील फरकाच्या रूपाने येतो. ऋण वायर चुकून बॉडीला टेकली तर स्टीरिओची आतली चिप स्वतःला बंद करते किंवा कायमची जाते. मल्टिमीटर लावून त्यांनी हे व्होल्टेज मला प्रत्यक्ष दाखवले. हे दाखवण्याची त्यांना काही गरज नव्हती; परंतु दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला आपल्या गाडीत काय चालले आहे हे कळावे, असा त्यांचा आग्रह दिसला.

दारांकडे जाणाऱ्या वायरींबाबतही त्यांचा निर्णय मला पटला. पुष्कळ ठिकाणी अ‍ॅम्पपासून दारापर्यंत नवी जाड वायर ओढतात आणि त्यासाठी दार व खांब यांच्यामधल्या रबरी बूटला भोक पाडतात. पावसाळ्यात तिथून पाणी आत उतरते. ७५ वॅट चार ओहमवर द्यायचे तर प्रवाह साडेचार अँपिअरच्या आतच राहतो, आणि दारापर्यंतच्या दोन-अडीच मीटरसाठी कंपनीची बारीक वायर त्याला पुरते. म्हणून अ‍ॅम्पचे आउटपुट परत त्याच टी हार्नेसमध्ये आणून मूळ वायरींनीच समोरच्या दारांना दिले आहे. मागच्या दारांचे स्पीकर मुद्दाम स्टीरिओवरच ठेवले आहेत, कारण अ‍ॅम्पच्या मागच्या दोन वाहिन्या (चॅनेल) जोडून वूफरला दिल्या आहेत.

जिथे जाड वायर हवी तिथे मात्र त्यांनी कसलीही तडजोड केली नाही. आधीची मेन वायर ८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) होती आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. अशी वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा दीडपटीहून अधिक विरोध करते, आणि वरचे रंगीत आवरण इतके जाड असते की हातात घेतल्यावर ती भारीच वाटते. हिशोब असा आहे : समोरच्या दोन वाहिन्यांचे १५० वॅट आणि वूफरचे सुमारे २२० वॅट मिळून ३७० वॅट होतात, क्लास-डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १३.८ व्होल्टवर पूर्ण जोरात जवळपास ३३ अँपिअर लागतात. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटरमध्ये ८ गेज अ‍ॅल्युमिनियमवर अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होते, तर ४ गेजच्या शुद्ध तांब्यावर ती ०.१४ व्होल्टच्या आसपास राहते. नवी वायर ४ गेजची ओएफसी, म्हणजे शुद्ध तांब्याची, आहे. तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज आहे, आणि हा फ्यूज अ‍ॅम्प वाचवण्यासाठी नसून वायर वाचवण्यासाठी आहे, हे मालक प्रत्येक ग्राहकाला सांगतात. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूज डिकीत अ‍ॅम्पजवळ असेल तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघड्यावर राहते आणि आग लागते ती तिथेच. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर आणताना त्यांनी रबरी ग्रोमेट आणि वरून नालीदार स्लीव्ह वापरली आहे. ही जागा मी पुढे स्वतः बॉनेट उघडून अनेकदा पाहिली. घासल्याची खूण नाही.

शिट्टीचे कारण अर्थिंगमध्ये सापडले. आधीच्या दुकानाने अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंग न खरवडता दिली होती. सीटबेल्टचा बोल्ट हा जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो, त्याखाली काहीही घालू नये. रंगामुळे तिथला विरोध वाढला, अ‍ॅम्पची अर्थिंग आणि स्टीरिओची अर्थिंग यांच्यात व्होल्टेजचा फरक पडला, आणि त्या फरकातून अल्टरनेटरचा आवाज आरसीए केबलच्या जाळीमार्गे संकेतात मिसळत होता. भरीस भर म्हणजे मेन वायर आणि आरसीए केबल एकाच बाजूने एकत्र बांधून नेल्या होत्या. आता अर्थिंग डिकीतल्या जाड पत्र्यावर आहे : रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवले, बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला आणि वरून गंजरोधक लेप दिला. वायरची लांबी हातभरही नाही. मेन वायर चालकाच्या बाजूने आणि संकेताच्या वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या आहेत. त्यानंतर वूफर पूर्ण जोरात वाजवून त्यांनी बॅटरीच्या टोकांवर आणि अ‍ॅम्पच्या टोकांवर एकाच वेळी दोन मल्टिमीटर लावले, फरक ०.२ व्होल्टच्या आसपास आला. इंजिन चालू ठेवून, गाणे बंद करून, दिवे, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावून ऐकले तेव्हा शिट्टी पूर्ण गेलेली होती.

बॅटरी उतरण्याचा प्रश्न तुलनेने साधा होता. अ‍ॅम्प चालू करणारी रिमोट वायर सतत वीज असलेल्या फ्यूजला जोडलेली होती, त्यामुळे गाडी बंद असतानाही अ‍ॅम्प जागाच राहत असे. निष्क्रिय अवस्थेत एक अँपिअर जरी ओढला तरी दिवसाला २४ अँपिअर-तास जातात, आणि लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. मालकांनी अ‍ॅम्पची स्वयंचलित सोय वापरली. स्पीकरच्या वायरींवर ते सहा-सात व्होल्ट आले की अ‍ॅम्प जागा होतो आणि गेले की झोपतो. गाडी लॉक करून, सगळे कंट्रोलर झोपेपर्यंत थांबून त्यांनी बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजला आणि तो ५० मिलीअँपिअरच्या आत असल्याचे पाहूनच गाडी पुढच्या कामासाठी घेतली.

गेन लावण्याचे काम मी इतक्या शिस्तीने केलेले आजवर पाहिले नव्हते. सर्वसाधारण पद्धत अशी असते की ग्राहकाच्या आवडीचे गाणे लावायचे, स्क्रू फिरवत जायचे आणि ग्राहक खूश दिसला की थांबायचे. गेन हे आवाजाचे बटण नाही. स्टीरिओच्या संकेताची उंची आणि अ‍ॅम्पची क्षमता यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. इथे यूएसबीवरून १ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर लावला गेला, स्टीरिओच्या आउटपुटवर छोटा ऑसिलोस्कोप (लहरीचा आकार दाखवणारे यंत्र) जोडला गेला आणि आवाज एकेक पायरीने वाढवला. ४० पैकी ३३ व्या पायरीवर लहरीचे शेंडे सपाट होऊ लागले, म्हणून ३२ ही मर्यादा ठरली. मग त्याच पातळीवर, स्पीकर सोडवून, अ‍ॅम्पच्या समोरच्या वाहिन्यांवर १७.३ व्होल्ट येईपर्यंत गेन चढवला. ७५ वॅट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की हाच आकडा मिळतो. वूफरसाठी ४० हर्ट्झचा स्वर आणि २९.७ व्होल्ट. डॅशबोर्डखाली त्यांनी एक बारीक पट्टी चिकटवली आहे, तीवर “३२ च्या पुढे नको” एवढेच लिहिले आहे.

याच चाचणीत मूळ स्टीरिओची एक मर्यादा उघड झाली आणि ती या दुकानाला दूर करता आलेली नाही. आवाज वाढवत नेला की स्टीरिओ स्वतःहून बास कमी करतो, कारण त्याची रचना कंपनीच्या लहान कागदी स्पीकरना वाचवण्यासाठी झालेली असते. २० व्या पायरीवर आणि ३२ व्या पायरीवर ४० हर्ट्झचे माप घेतले तेव्हा मधल्या पट्टीचा आवाज जितका वाढला त्या प्रमाणात बास वाढला नव्हता. यावरचा पक्का उपाय म्हणजे डीएसपी (संकेताची पट्टीवार दुरुस्ती करणारे डिजिटल यंत्र), आणि चांगल्या डीएसपीला अ‍ॅम्पइतकाच खर्च येतो. मालकांनी तो गळ्यात मारला नाही. वूफरच्या पातळीचे बटण गिअरजवळ बसवून दिले आणि आवाज मोठा ठेवायचा असेल तेव्हा ते थोडे फिरवा, असे सांगितले. हा मार्ग कामचलाऊ आहे. लांबच्या प्रवासात, विशेषतः पेठ नाक्यावरून महामार्गाला लागल्यावर आवाज वाढवला की प्रत्येक वेळी हात त्या बटणाकडे न्यावा लागतो. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी सुरुवातीपासूनच डीएसपी असलेला अ‍ॅम्प घ्यावा.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आहे : त्याखालचे वूफरला, वरचे दारांना. तो जुळला की नाही हे ऐकण्यासाठी मालक तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावतात. २०२४ साली ज्या गावच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले त्या मिरजेचे ते राहणारे असल्याने ही निवड सहज वाटेल, पण तिच्यामागे पक्के कारण आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो आणि जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे क्रॉसओव्हरची रेघ बरोबर त्यांच्या मधून जाते. जवारीमुळे उठणारे वरचे स्वर थेट ट्वीटरपर्यंत पोहोचतात. वूफरची फेज (लहरीच्या चढ-उताराची वेळ) दारांतल्या स्पीकरशी जुळत नसेल तर खर्जाचा पाया नाहीसा होतो आणि नुसती झणझण उरते. वूफर जास्त झाला तर एकच तार इतरांपेक्षा पुढे आलेली वाटते. त्यांनी फेजचा खटका दोन्हीकडे करून मला ऐकवला. सरळ बाजूला खर्ज डिकीतून येत होता आणि उलट बाजूला तो समोरच्या काचेजवळून, बाकीच्या तारांसोबत आला. तोच कायम ठेवला. नाचाच्या गाण्यांवर हा फरक मला कदाचित लक्षातही आला नसता.

समोरच्या दारांत त्यांनी ब्यूटिलची डॅम्पिंग शीट लावली. वायरिंगच्या कामात हे येत नाही, परंतु दाराचा पत्रा स्पीकरबरोबर थरथरत असेल तर वर सांगितलेले सगळे मोजमाप फुकट जाते, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. बास आता दाराच्या पत्र्याऐवजी स्पीकरमधून येतो आणि दार बंद होताना भरीव वाटते.

अ‍ॅम्पची जागा त्यांनी बदलली. पूर्वी तो पुढच्या सीटखाली होता. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत पाणी शिरलेल्या गाड्या ज्यांनी उघडल्या त्यांना सीटखालच्या वस्तूंची अवस्था ठाऊक आहे. केबिनमध्ये चार बोटे पाणी आले तरी पहिला बळी तिथल्या अ‍ॅम्पचा जातो. आता तो डिकीत मागच्या सीटच्या पाठीला, उभ्या प्लायवर, तळापासून वर बसवला आहे आणि हवा खेळायला दोन बोटे जागा सोडली आहे. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात तापलेल्या गाडीतही तो गरम होऊन बंद पडलेला नाही. डिकीतली थोडी जागा गेली, आणि मागची सीट पाडताना वायरीकडे लक्ष द्यावे लागते, ही त्याची किंमत.

दुकानाच्या उणिवा स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. एका वेळी एकच गाडी घेत असल्याने तारीख लवकर मिळत नाही, आणि दिलेली वेळ पाळली जाईलच असे नाही. माझी गाडी सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा मिळाली. बसण्याची सोय नावापुरती आहे. हार्नेस आणि वायर यांचे दर आधी तोंडी सांगितले गेले, लेखी अंदाजपत्रक मागितल्यावरच मिळाले. डॅशबोर्ड उघडल्यानंतर एक पॅनल किंचित सैल बसले होते, ते पुन्हा जाऊन नीट करून घ्यावे लागले. त्याचे पैसे घेतले नाहीत. एकूण बिल डॅम्पिंगसह सुमारे १४,००० रुपये झाले आणि त्यातली मजुरी जेमतेम एक तृतीयांश होती. फक्त अ‍ॅम्प जोडून देण्याचे दर इतरत्र याहून बरेच कमी आहेत, आणि ज्यांना केवळ डिकीत दणका हवा आहे त्यांना हा खर्च जास्त वाटेल. मला तो योग्य वाटला, कारण मी नवा स्टीरिओ आणि नवे स्पीकर घेण्याच्या तयारीने गेलो होतो आणि त्यातले काहीच घ्यावे लागले नाही.

बिलासोबत हाताने काढलेला वायरिंगचा नकाशा मिळतो : कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे गेली, फ्यूज कुठे आहे, गेन कोणत्या व्होल्टवर लावला आहे. तो मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे, आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरी बदलणाऱ्या मेकॅनिकला त्याचा उपयोगही झाला. सहा महिन्यांनी अर्थिंगचा बोल्ट आणि फ्यूजची टोके पुन्हा आवळून देण्याचे काम विनामूल्य आहे, फक्त आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्यावी लागते. जाताना गाडीचे मॉडेल, स्टीरिओच्या मागच्या कपलरचा फोटो आणि अ‍ॅम्पची माहितीपुस्तिका सोबत न्यावी. हार्नेस बाहेरून मागवावा लागत असल्याने तो आला आहे याची खात्री झाल्याशिवाय गाडी दुकानात सोडू नये.